चिकटलेले ठिपके

एकदा एका प्रयोगशाळेत एक वृद्ध संशोधक आणि त्यांची विद्यार्थिनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम करीत होते. विद्यार्थिनीने यीस्टमधील एक जनुक काढून टाकले होते. असे बदललेले यीस्ट उष्णता अधिक सोसते, असा तिचा निष्कर्ष होता. साधे आणि बदललेले यीस्ट सारखेच तापवून ती खाद्य घातलेल्या बशांवर पसरत असे. जगलेल्या प्रत्येक पेशीचा दोन दिवसांत एक पांढरा ठिपका होई. बदललेल्या यीस्टचे ठिपके दर वेळी थोडे जास्त भरत. चार वर्षांचा प्रबंध त्या थोड्या फरकावर उभा होता आणि सोमवारी तो सादर व्हायचा होता.

शुक्रवारी गुरूंनी तिच्याच जुन्या, मोजून ठेवलेल्या बशा फ्रिजमधून काढल्या. स्पिरिटच्या बोळ्याने प्रत्येकीवरचे नाव पुसले, नुसते क्रमांक घातले आणि कोणता क्रमांक कोणत्या यीस्टचा याची यादी खिशात ठेवली.

"पुन्हा मोज."

"सर, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"आहे. मोज."

"चार वर्षांनी परीक्षा घेताय! पहिल्याच वर्षी घ्यायची होती."

"चुकलंच माझं. आता तरी मोज."

ती फणकाऱ्याने बसली. दुपारी यादी उघडली, तेव्हा दोन्ही यीस्टचे आकडे जवळजवळ सारखे निघाले. तिने ते तीनदा पडताळले.

गुरूंनी बदललेल्या यीस्टची एक बशी उजेडात धरली. दोन ठिपके एकमेकांना चिकटले होते.

"हे किती?"

"दोन."

"आणि ही बशी साध्या यीस्टची असती तर?"

"एक," तिच्या तोंडून निघून गेले.

"तू लबाडी केली नाहीस," गुरू म्हणाले. "ठिपका स्पष्ट असला की आपण तो पाहतो. संशय आला की आपल्याला जे हवं असतं तेच मोजतो, आणि ते आपल्याला कळतही नाही. तरुणपणी मीही एक निष्कर्ष असाच छापला. तो खरा होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्या बशा मी धुऊन टाकल्या होत्या."

"मग प्रबंध?"

"तुझा आहे. तू ठरव."

ती खिडकीपाशी गेली. मग तिने घरी फोन लावला.

"आई, पदवी या वर्षी नाही होणार. नाही गं, सरांनी नाही अडवलं. मीच चुकीचं मोजत होते."