बेचाळीस अंशांचं पाणी

“अहो, पण चुकलंय काय, तेवढं तरी सांगा!”

सुमेध इंगळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. परवा एकदा, काल एकदा आणि आज.

डोमाजी मिस्त्री न्हाणीघराच्या ओट्यावर बसले होते. हातांची बोटं पहिल्या पेरापर्यंतच उरलेली, तीही वाकलेली. ते हात मांडीवर ठेवून ते पत्र्यावरून गळणारं पाणी पाहत होते.

“चुकलं, असं म्या कधी म्हटलं?”

“मग ‘हं’ म्हणा.”

“...”

“म्हणा ना, बाबाजी. एका अक्षराचं तर काम आहे.”

डोमाजी गळणारं पाणीच पाहत राहिले.

म्हातारा गप्प बसला की लोक त्याला ज्ञान म्हणतात. तरुण गप्प बसला की म्हणतात, याला उत्तर येत नाही. सुमेधला या वाटणीची जुनी चीड होती.

तिसऱ्या वर्षाला त्यानं इंजिनिअरिंगवर लाथ मारली, ती याच चिडीत. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद होतं. सर म्हणाले, गेल्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवून घे. हा म्हणाला, मोजलं नाही ते लिहिणार नाही. मग सरांनी त्याला मोठ्यांशी बोलायची रीत शिकवली. विभागप्रमुखांनी ती पुन्हा शिकवली. घरी गेल्यावर बापानं उजळणी घेतली. यंत्र बंद का आहे, हे मात्र तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

मावशी नर्स होती. चिखलदऱ्याच्या अंगाला, पठारावरच्या कुष्ठरोग्यांच्या जुन्या वसाहतीत. ती म्हणाली, ये इकडं, इथं मोडकं पुष्कळ आहे.

आला, आणि राहिला.

वसाहतीतल्या एक्केचाळीस माणसांचा रोग केव्हाच गेलेला. पण जाताना तो कुणाची बोटं घेऊन गेला, आणि हातापायांची जाण तर सगळ्यांचीच. गार कळत नाही, ऊन कळत नाही. कढत पाण्यात पाय गेला तरी पाय काही बोलत नाही. फोड आला की मग डोळ्यांना कळतं.

म्हणून तिथं एक रीत होती. ज्याची कातडी शाबूत, अशा नर्सनं नाहीतर कामगारानं पाणी काढायचं. बादलीत कोपर बुडवून दहापर्यंत मोजायचं. मगच बादली पुढं सरकवायची.

ही रीत डोमाजींनी घातलेली. ते स्वतः त्याच रोगातून उठलेले. लाकडाचा बंब होता तेव्हापासून न्हाणीघर त्यांच्याकडे. बंब गेला, छतावर सोलर आलं, रीत राहिली.

आणि रांगही राहिली.

सत्तरीची माणसं खांद्यावर पंचा टाकून उभी, कुणीतरी बादली देईल म्हणून. विश्वस्त यायचे तेव्हा ही रांग पाहून त्यांना गहिवरून यायचं. गहिवर आवरला की फोटो काढायचे. सोलरच्या टाकीवर त्यांनी देणगीदाराचं नाव हातभर मोठं रंगवून घेतलं होतं. टाकीखालचा नळ बोटं नसलेल्या माणसाला फिरवता येतो का, हे पाहायला त्यांना वेळ झाला नाही.

सुमेधनं नळ बदलले. हातभर लांब दांड्याचे बसवले. मनगटानं ढकला, पाणी सुरू. ओढा, बंद.

मग झडी लागली. दिवसचे दिवस ऊन नाही, धुकं दाराशी येऊन बसलेलं. सोलरचं पाणी विहिरीसारखं गार. तेव्हा त्यानं गॅसचा गिझर आणला आणि टाकी नि नळ यांच्या मधोमध जोडला. गॅस आत कोंडू नये म्हणून बाहेर, पडवीच्या पत्र्याखाली. टाकीतलं पाणी आता गिझरमधून तापून नळाला यायचं. ज्योत त्यानं मोजूनमापून लावली. नळाखाली थर्मामीटर धरला.

बेचाळीस.

दाराशी पाटी टांगली. खडूनं लिहिलं: आजचं पाणी, ४२.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस. तिसऱ्या दिवशी बेचाळीस.

आता रांग कशाला हवी? कोपर कशाला हवं? ज्यानं त्यानं आपल्या हातानं नळ सोडावा आणि आंघोळ करावी, माणसासारखी. पण न्हाणीघरात कुठलीही नवी गोष्ट डोमाजींच्या ‘हं’शिवाय सुरू होत नसे. आणि डोमाजी ‘हं’ म्हणत नव्हते.

“थर्मामीटरच्या काट्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“काट्यावर हाय.”

“म्हणजे माझ्यावर नाही.”

“...”

हे मात्र झोंबलं.

“मी सांगू? तुम्हा म्हाताऱ्यांना रांगच हवी असते. रांग गेली तर ओट्यावर बसून करणार काय तुम्ही?”

डोमाजी हसले. तोंडात दातही थोडेच होते.

“ओटा लई कठीण हाय रे, बापू. बसून बसून ढुंगण दुखते.”

सुमेध पाय आपटत निघून गेला.

त्या दुपारी आभाळ उघडलं आणि ऊन पडलं.

अख्खी वसाहत बाहेर आली. गाद्या, गोधड्या, पंचे, जे जे ओलं होतं ते कुंपणावर चढलं. सुमेधनं आपले दोन्ही शर्ट वाळत घातले आणि उघड्या पाठीनं अंगणाच्या बुटक्या भिंतीवर पालथा पडून राहिला. पाठ अशी शेकली, की राग निम्मा उतरला.

डोमाजी अंगणात उभे राहून छताकडे पाहत होते. बराच वेळ.

मग भिंतीशी आले.

“उद्या सकाळी पाहू तुझे नळ.”

सुमेध ताडकन उठून बसला. “खरं?”

“...”

पण या वेळची शांतता त्याला आवडली.

सकाळी साडेसहाला रांग नेहमीसारखीच लागली. पुढं गुंफाबाई होत्या. पहिला नळ त्यांचा, असं सुमेधनं त्यांना कबूल केलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या हातानं नळ सोडला नव्हता. त्या केस सोडूनच आल्या होत्या.

“लवकर कर रे, इंजिनिअर. डोकं धुवायचं हाय मले.”

“पाचच मिनिटं, आजी.”

त्यानं गिझर पेटवला. खडू उचलला. पाटी पुसली आणि लिहिलं: आजचं पाणी, ४२.

थर्मामीटर त्याच्या खिशात होता.

दांडा ढकलला. पाणी बादलीत पडू लागलं. डोमाजी ओट्यावरून उठून जवळ आले. त्यांनी बादलीकडे पाहिलं नाही. मान तिरकी केली आणि कान दिला.

“किती?”

“बेचाळीस. लिहिलंय ना पाटीवर.”

“पाटी वाचली म्या.”

“...”

“पाणी किती?”

“बेचाळीसच हो, बाबाजी! तेच यंत्र, तीच ज्योत, तोच नळ. तीन दिवस तुमच्या डोळ्यांदेखत मोजलंय. चौथ्या दिवशी काय वेगळं होणार?”

“बरं.”

डोमाजींनी सदऱ्याची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने डाग होते, पांढरे, गुळगुळीत. एकावर एक. ते कशाचे, हे या वसाहतीत कुणाला विचारावं लागत नाही.

मग त्यांनी हात पुढं केला. घाई नाही. देवळात तीर्थाला हात पुढं करावा तसा, नळाकडे.

आणि सुमेधच्या शेकलेल्या पाठीला एकदम आठवलं.

काल ऊन पडलं होतं.

आत येणारं पाणी कसं आहे, हे ज्योत थोडीच विचारते? तिला आपले बावीस अंश वाढवायचे, एवढंच ठाऊक. विसाचं बेचाळीस होत होतं ते झडीत. कालच्या उन्हानं टाकीच चव्वेचाळीसला गेली असेल. मग चव्वेचाळीस आणि बावीस...

बेरीज पुरी व्हायच्या आत त्याचा हात पुढं गेला होता. डोमाजींच्या हाताच्या आधी, पाण्याच्या धारेत.

“आई गं!”

तो किंचाळला. पण हात मागं घेतला नाही. आधी दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याला छातीवर रेटून मागं लोटलं, मग कोपरानं दांडा ओढला. पाणी थांबलं.

डोमाजींचा हात कोरडा होता.

त्यांनी ओट्याखालून पायानं एक बादली पुढं सरकवली. काठोकाठ भरलेली, गार.

“घाल आत.”

सुमेधनं हात बुडवला. दात आवळले. उजव्या हाताची पाठ लालबुंद झाली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही सुचत नव्हतं.

मग त्यानं त्या बादलीकडे नीट पाहिलं. ती आत्ताच भरलेली नव्हती. आधीपासून भरून ठेवलेली होती.

“तुम्हाला माहीत होतं.”

“गार पाणी बादलीत कडक वाजते. आजचं लई मऊ वाजलं.”

“आजचं नाही. आधीपासून. गिझर बसवला तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला.”

“...”

“मग तीन दिवस बोलला का नाहीत?”

“काय बोलतो? आकडा तर खरा होता तुझा.” डोमाजी पुन्हा ओट्यावर टेकले. “ऊन पडायची वाट पाह्यत होतो.”

“आणि मी हात घातला नसता तर?”

“तर भाजला असता माझा.”

“...”

“मले काय. कळलंही नसतं.”

आणि ते हसले. तेच, थोड्या दातांचं.

सुमेधनं स्वतःत राग शोधला. तो कायम हाताशी असायचा, आज सापडला नाही. चूक दाखवणारे म्हातारे त्यानं पोत्यानं पाहिले होते. चूक हाती लागली की त्यांना जेवण गोड लागायचं. चार जणांना हाक मारून ते ती दाखवायचे, वर तिच्यावर एक व्याख्यान द्यायचे. हा म्हातारा तीन दिवस शिव्या खात बसला होता आणि चौथ्या दिवशी पहाटे उठून त्यानं काय केलं होतं, तर गार पाण्याची एक बादली भरून ठेवली होती. बोटं नसलेल्या हातांनी.

सुमेध उठला. मावशी मलम घेऊन धावत आली, तिला म्हणाला, थांब जरा.

डाव्या हातानं त्यानं सिलिंडरचा खटका बंद केला. ज्योत विझली. डाव्या हातानंच पाटीवरचा आकडा पुसला. बाहीनं नव्हे, तळव्यानं, घासून घासून. त्याला प्रयोगशाळेतली ती वही आठवली. कान तापले.

मग खिशातून थर्मामीटर काढला. आधीची बादली ओतून टाकली आणि नुसतं टाकीचं पाणी सोडलं: चव्वेचाळीस. गार पाण्याचा नळ किंचित उघडून ते त्याच धारेत मिसळलं. त्रेचाळीस. आणखी किंचित. बेचाळीस.



सुमेधनं डावी बाही वर केली, बादलीत कोपर बुडवलं आणि मोजायला लागला. मोठ्यानं. एक, दोन, तीन. रांगेतल्या दोघाचौघांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. आठ, नऊ, दहा.

“टाकीच्या तोंडाशी दुसरी वाट काढतो,” तो म्हणाला. डोमाजींकडे न बघता, कामाकडे बघत. “टाकी तापलेली असली तर पाणी गिझरला वगळून सरळ नळाकडे येईल. गार असली तरच ज्योतीतून जाईल. आणि शेवटाला मिसळणारी तोटी बसवतो. बेचाळीसच्या वर गेलं की आपोआप आवळणारी. मिळते अमरावतीला.”

“आन् तोवर?”

“तोवर गॅस बंद. ऊन नसलं तर मी पेटवेन, आणि पेटला आहे तोवर इथनं हलणार नाही. रोज सकाळी मोजेन. मोजल्याशिवाय पाटीला हात लावणार नाही.”

“तोटी बसल्यावर?”

सुमेधनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. फोड आता फुगायला लागला होता.

“बसल्यावरही,” तो म्हणाला.

डोमाजी पत्र्याकडे पाहत होते. आज पत्रा गळत नव्हता.

“अहो, तुमचं गुरू-चेल्याचं आटपलं का?” गुंफाबाई मागून कडाडल्या. “माणूस उभ्या उभ्या वाळून चाललं इथं. सरकवा एखादी बादली इकडं!”

डोमाजी हळूच ओट्यावरून उतरले आणि वाट सोडून बाजूला झाले.

“बादली नोको मागू, गुंफाबाई. या पोराचा हात भाजला हाय. जा, तुझ्या हातानं सोड नळ.”