किर्रूला हवा अंधार

ऐका बरं का. मध्ये बोलायचं नाही. हुंकार मात्र द्यायचा.

एक होता रातकिडा. एवढुस्सा. नाव त्याचं किर्रू. यसूमावशीच्या चुलीमागे, कोपऱ्यातल्या भेगेत राहायचा. कालच त्याला पंख फुटले. पंखावर पंख घासला की गाणं वाजतं. आज तिन्हीसांजेला किर्रू पहिल्यांदा गाणार होता. मग काय, ऐट विचारू नका त्याची.

मावशीने खलबत्त्यात चटणी कुटली. ठक ठक ठक. कमरेला फोन खोचलेला. तोही हलला. धक धक धक. हलता हलता फोनचा टॉर्च लागला की हो! मावशीला पत्ताच नाही. तिने फोन कांद्याच्या दुरडीत उभा ठेवला. तोंड आपल्याकडे, पाठ कोपऱ्याकडे. आणि बसली भाकऱ्या थापायला.

लख्ख! उजेड थेट किर्रूच्या भेगेत. अंधार गेला. किर्रूचे पंख मिटले ते उघडेचनात. अंधार नाही तर गाणं नाही. किर्रूला रडूच आलं.

पण रडत बसेल तो किर्रू कसला. निघाला. टप्पुक टप्पुक.

"टॉर्च, टॉर्च, विझ ना.
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

टॉर्च म्हणाला, "मावशीने बोट लावलं तर विझेन."

टप्पुक टप्पुक. किर्रू गेला मावशीकडे.

"मावशी, मावशी, ऊठ ना.
टॉर्च काही विझेना,
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

मावशी म्हणाली, "हात पिठात आहेत, राजा. भाकरी फुगली तर उठेन."

टप्पुक टप्पुक. किर्रू गेला भाकरीकडे.

"भाकरी, भाकरी, फुग ना.
मावशी काही उठेना,
टॉर्च काही विझेना,
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

भाकरी म्हणाली, "जाळ कुठाय? चूल पेटली तर फुगेन."

टप्पुक टप्पुक. किर्रू गेला चुलीकडे.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना.
भाकरी काही फुगेना,
मावशी काही उठेना,
टॉर्च काही विझेना,
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

चूल म्हणाली, "फुंकणी फुंकली तर पेटेन."

टप्पुक टप्पुक. किर्रू गेला फुंकणीकडे.

"फुंकणी, फुंकणी, फुंक ना.
चूल काही पेटेना,
भाकरी काही फुगेना,
मावशी काही उठेना,
टॉर्च काही विझेना,
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

फुंकणी म्हणाली, "माझ्या पोटात कोळशाचा खडा अडकलाय. खडा निघाला तर फुंकेन."

टप्पुक टप्पुक. किर्रू गेला मनीमांजरीकडे. भीत भीत, बरं का. लांबूनच म्हणाला,

"मने, मने, खडा काढ ना.
फुंकणी काही फुंकेना,
चूल काही पेटेना,
भाकरी काही फुगेना,
मावशी काही उठेना,
टॉर्च काही विझेना,
माझा अंधार मिळेना,
मी गाऊ कसा?"

मनीने फुंकणीत पंजा घालून पाहिला. मावेचना. ती म्हणाली, "छोटं कुणी आत गेलं तर निघेल."

छोटं कुणी? किर्रूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मावशी मोठी. मनी मोठी. चूल तर केवढी मोठी. मग छोटं कोण?

"मी आहे की छोटा," किर्रू म्हणाला.

आणि शिरला फुंकणीत. आत राखच राख. आऽऽक छी! मागचे पाय आवळले, दिली एक लाथ. खडा हलेना. मग दिली दुसरी, सगळा जोर लावून. गडगड गडगड, टप्. खडा बाहेर, किर्रूही बाहेर.

खडा निघाला, फुंकणी फुंकली. फूऽऽऽ.
फुंकणी फुंकली, चूल पेटली. भग्ग.
चूल पेटली, भाकरी फुगली. टम्म.
भाकरी फुगली, मावशी उठली. हात पुसले, पुस पुस.
टॉर्चच्या चित्रावर बोट टेकवलं. टिक.
टॉर्च विझला. गुडुप.

मावशीला कोडं पडलं, हा मेला लागला कसा? तिने फोन हलवला. लख्ख. पुन्हा हलवला. गुडुप. अस्सं होय! ती गेली फोनच्या सेटिंगमध्ये. तिथे लिहिलं होतं, हलवल्यावर टॉर्च. ते तिने बंदच करून टाकलं. मग फोन हलव हलव हलवला. टॉर्च लागेल तर शपथ. आमची यसूमावशी काही कमी नाही. तिने आणखी ठरवलं, चटणी कुटताना फोन कमरेला खोचायचा नाही, फळीवर ठेवायचा.

चुलीमागे जाळाचा उजेड पोचत नाही, त्या कोपऱ्यात अंधार झाला. मऊ मऊ, काळा काळा. किर्रू भेगेत बसला. पंख उघडले.

किर्रर्र... किर्रर्र... किर्रर्र...

मावशी भाकरी थापायची थांबली. मनीने कान टवकारले. मावशी म्हणाली, "कोण रे गातंय इतकं गोड?"

भेगेतून उत्तर आलं, "मी गातोय. आणि खडाही मीच काढला!"

भाकरी खाल्ली, चूल निवली,
किर्रूची गोष्ट कानात राहिली.