पाणजाईचा दिवा आणि बाळंतिणीचा निखारा

बसा जरा पायरीवर. गडावर जायची घाई सगळ्यांनाच असते, आणि उतरताना गुडघे बोलायला लागले की सगळे याच पायरीवर येऊन टेकतात. समोर देवळीत दिवा दिसतोय ना, तो आमच्या हिरडेवाडीच्या पाणजाईचा. वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, आम्ही तो स्वतःच शांत करतो, घासूनपुसून पुन्हा लावतो. लावायला काडेपेटी चालत नाही. गावात सगळ्यात अलीकडे जी बाळंत झाली असेल, तिच्या शेगडीतला निखारा आणायचा आणि त्यावर वात पेटवायची. बाहेरची माणसं ऐकून आठ्या घालतात. सोयर असलेल्या घरचा विस्तव देवीला? हो, देवीलाच. का, ते मी माझ्या आजेसासूकडून ऐकलं तसं सांगते.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा बाळंतपण घरात होत नसे. ओढ्यापलीकडे एक खोपट होतं, कळा सुरू झाल्या की बाईला तिथे नेऊन ठेवत. सुईण तेवढी आत जाई. बाकी कुणी शिवायचं नाही, दहा दिवस. पेजेचं मडकं दारात ठेवायचं आणि मागे फिरायचं. बाई आत काय करते, झोपते की रडते, हे विचारायची रीतच नव्हती.

दिव्याचा मान तेव्हा कोंडाई नावाच्या विधवा बाईच्या घराण्यात होता. दिव्याला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे, आणि तेल घालायला दर प्रहराला जावं लागे. दिवा विझला तर गावावर कोप होईल आणि राखणारीने गाव सोडायचं, असा दंडक होता. कोंडाईने तो कडक पाळला. इतका कडक, की तिची एकुलती एक लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि खोपटात अडली, तेव्हाही ती ओढ्याच्या अलीकडेच उभी राहिली. बाळंतिणीला शिवली तर दिव्याला हात लावता आला नसता. राही दिवसभर "आये, ये गं" म्हणून हाका मारत होती. कोंडाई इकडून ओरडायची, "मी हाय गं हितंच." मधे जाऊन तेल घालून यायची. दिवस मावळायच्या आत लेक गेली, पोटातलं पोरही गेलं. दिवा तेवढा राहिला.

त्यानंतर तीन वर्षं कोंडाईने तेलाचा एकही प्रहर चुकवला नाही, असं सांगतात.

चौथ्या वर्षी, भाताची झोडणी चालू असताना, सगुणा नावाच्या सुनेला कळा लागल्या. तो दिवस गेला, दुसरी सकाळ उजाडली, तरी सुटका होईना. सगुणेची सासू भिवरा शिस्तीची बाई. ती ओढ्याकाठी बसून देवीचं नाव घेत होती, पण पाणी ओलांडत नव्हती. ठकू सुईण हात धुवायला बाहेर आली आणि कोंडाईला तेल घेऊन जाताना बघून म्हणाली, "कोंडे, पोर सरळ हाय, वाट बी मोकळी हाय. पण ती भ्यालीय. सगळं अंग आवळून धरलंय तिनं. माझे हात पोर घ्यायला लागत्यात, तिची पाठ धरायला कोण हाय?"

तेवढ्यात आतून हाक आली. सगुणेला आई नव्हती, तरी हाक आईलाच होती.

कोंडाईने तेलाचं भांडं काठावर ठेवलं आणि ती ओढ्यात उतरली. भिवरा मागून ओरडली, "दिवा इझल की गं!" कोंडाई वळली नाही. खोपटाच्या दारात वाकून ती एवढंच म्हणाली, "आले गं."

आत जाऊन तिने काही मोठं केलं नाही. ते ठकूचं काम होतं. ती सगुणेच्या पाठीला पाठ लावून बसली. कळ आली की सांगायची, "टाक भार माझ्यावर, मी हालत न्हाई." कळ ओसरली की पेजेचे दोन घोट पाजायची. सूर्य डोक्यावर आला तसं सगुणेचं अंग सैलावलं, आणि ऊन कलायच्या आत मुलगी झाली. ठकू पोर पुसून दाखवायला लागली तर कोंडाई म्हणाली, "थांब, आधी हिच्या आईकडं बघू दे मला. तिची तहान बघू दे."

देवळात दिवा केव्हाच विझला होता. तीन दिवसांनी पंच ओढ्याकाठी जमले आणि गाव सोडायचा निरोप धाडला. कोंडाईने आतूनच उत्तर दिलं, "जाते. पर सव्वा महिना झाल्यावर. तवर हिला कोण?" आणि खरंच राहिली. पोरीला मांडीवर घेऊन सगुणेला झोपू द्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सगुणा उगाचच रडायला लागली, तेव्हा का रडतेस असं विचारलं नाही, नुसती शेजारी बसली. दूध उतरेना तेव्हा धीर दिला, शेगडी पेटती ठेवली.

इकडे गुरवाला दिवा लागेना म्हणे. चकमक झाडली, पाटलाच्या चुलीतून विस्तव आणला, लोहाराच्या भट्टीतून आणला. वात पेटायची आणि विझायची. आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी, सोयर फिटायच्या आधीच, भिवरा, तीच शिस्तीची सासू, ओढा ओलांडून खोपटात गेली. सुनेच्या तोंडावर तेज बघून तिला रडू फुटलं. मलाही चार बाळंतपणांत असं कुणी हवं होतं, म्हणाली. शेगडीतला एक निखारा खापरीत घेऊन ती थेट देवळात चालत आली. पंच हां हां म्हणत राहिले. तिने निखाऱ्यावर वाळकी काडी धरून फुंकर घातली, पेटली काडी वातीला लावली. दिवा लागला तो लागलाच.

मग कोंडाईला गाव सोडायला कोण सांगणार? ती पुढे प्रत्येक बाळंतिणीला पाठ देत राहिली. अशी पाठ देणारीला आम्ही 'टेकण' म्हणतो. खोपट त्याच वर्षी गावानेच मोडलं.

आजही हिरडेवाडीत प्रत्येक पोटुशी बाई सातव्या महिन्यात आपली टेकण निवडते. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, आणि तिथेच व्हायला हवीत. टेकण गाडीत बरोबर बसते. पूर्वी तिथल्या बाया हिला बाहेर काढायच्या, आता कळा वाढल्या की त्याच विचारतात, तुमची टेकण कुठाय? परत आल्यावर सव्वा महिना ती येत-जात राहते. बाळ बघायला आलेल्याला आधी आईची विचारपूस करायला लावते, मगच दुपट्याला हात लावू देते.

मी स्वतः तेवीस जणींची टेकण झाले. दार दवाखान्याचं असो की घराचं, आत पाऊल टाकताना प्रत्येक टेकण मोठ्याने म्हणते, "आले गं." आतल्या बाईला वाटतं, हे आपल्याला म्हटलं. तिला तर असतंच. पण पहिल्यांदा म्हणताना प्रत्येकीला शिकवलेलं असतं, की ते थोडं कोंडाईच्या राहीलाही म्हणायचं.