चुकीच्या गाण्याची विहीर

पाणदऱ्याची थोरली विहीर उन्हाळ्यातही हाताला लागेल इतकी भरलेली असते. तरी या विहिरीवरून एखादी बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन परत जाताना दिसते, आणि नवखा पाहुणा चक्रावतो. पाणी असं काठोकाठ, मग ही बया कोरड्या घागरीने का चालली? त्याआधी त्याने दुसरा एक चमत्कार पाहिलेला असतो. विहिरीजवळच्या रुंद दगडावर कुणी आजारी माणूस बसवलेला असतो आणि ही बाई त्याच्यासमोर उभी राहून गाणं म्हणत असते, तेही धडधडीत चुकीचं. पाहुणे हसतात. मग विहिरीची देखभाल करणारे दगडूनाना त्यांना पिंपळाच्या पारावर बसवतात, पानाला चुना लावतात आणि म्हणतात, "हसा, हसा. आधी आमीबी हसलो. आता ऐका."

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हा विहिरीवर पंप नव्हता, मोट होती. चामड्याची ती मोठी मोट बैलांनी ओढून वर आणायची, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात ओतायची, आणि पाणी पाटाने मळ्यात जायचं. बैल उतारावरून पुढे चालले की मोट वर येते आणि ती रिती झाली की बैलांना तोच उतार चढत पाठमोरं मागे सरावं लागतं. पुढे चालायला बैल कुणाचंही ऐकतो. मागे सरायला त्याला आपला माणूस लागतो.

सुभाना माळी हा या विहिरीचा मोटकरी. माणूस अंगाने बारीक, पण आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करायची. बैल उतरताना तो गाण्यात विचारायचा आणि मागे सरताना गाण्यातच उत्तर द्यायचा.

पैलं पानी कुणाला? आसरांच्या ओट्याला.
दुसरं पानी कुणाला? वांग्याच्या वाफ्याला.
तिसरं पानी कुणाला? मिरचीच्या रोपाला.
सरतं पानी कुणाला? गावाच्या घागरीला.

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. विहिरीच्या कडेला त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आजही आहेत. हरण्या आणि पवळ्या या त्याच्या बैलांना हे गाणं इतकं अंगवळणी पडलं होतं की उत्तर आल्याशिवाय ते पाऊल मागे टाकत नसत.

सुभानाचं लग्न झालं ते चिमाशी. ती माणदेशातल्या कोरड्या गावची, मेंढरांमागे वाढलेली. तिच्या माहेरी विहीर नव्हती, मोट नव्हती आणि गाणं तर मुळीच नव्हतं. तिचा आवाज म्हणजे मेंढरं हाकायचा आवाज. नवरा हौसेने गाणं शिकवायला बसला तर ती वांग्याच्या जागी भोपळा घालायची, भोपळ्याच्या जागी आणखी काही, आणि सूर कुठे नेऊन ठेवायची ते तिचं तिला माहीत. सुभाना पोट धरून हसायचा. ती रुसली की तो दुसऱ्या दिवशी सरत्या पाण्याला गावाचं नाव काढून टाकायचा आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं गायचा, "सरतं पानी कुणाला? चिमाच्या घागरीला!" ती लाजून लाल व्हायची, पण घागर घेऊन यायची. पुढे तो शब्द गाण्यात तसाच राहिला. दिवसाची शेवटची मोट चिमाची, हे बैलांनाही ठाऊक झालं.

मग एका सकाळी सुभाना उतारावरच कोसळला. अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि जीभ गेली. शेजारगावचे वैद्य आले. भला माणूस होता, खोटा धीर देणारा नव्हता. तेल चोळायला दिलं आणि म्हणाले, "बाई, हातपाय येतील थोडेफार. वाचेचं मला सांगता येत नाही. त्याला कोपऱ्यात ठेवू नका. रोज सकाळी उन्हात बसवा, माणसांत राहू द्या."

माणसं मात्र जरा जास्तच झाली. गाव मायेचं, म्हणून अख्खं गाव भेटायला आलं, आणि जो येईल तो पुढ्यात बसून एकच विचारी, "सुभाना, कसं वाटतंय? बोल की. मला वळखलं का? नाव सांग बरं माझं." सुभाना सगळ्यांना ओळखत होता. नावं त्याच्या ओठांपर्यंत येत होती आणि तिथून "अब, अब" एवढंच बाहेर पडत होतं. ज्याच्या आवाजाने गुरं माना वळवत, त्याचं हे असं झालं. बायामाणसं पदर डोळ्यांना लावत. कुणीतरी त्याच्या देखतच म्हणालं, "गेल्यातच जमा धरा." त्यानंतर सुभानाने भिंतीकडे तोंड केलं आणि भाकरी खायचं सोडलं. चिमा घास पुढे करी, तो दात मिटून घेई. नवऱ्याचं बोलणं गेलं याचं दुःख तिला होतंच, पण आता हा माणूसच हातचा जाणार, हे तिला दिसू लागलं.

ती आसरांपुढे जाऊन उभी राहिली. नवस बोलायला तिच्याजवळ कोंबडं नव्हतं की खण नव्हता. ती म्हणाली म्हणे, "बायांनो, ह्या हिरीचं सरतं पानी माझं हाय, ते त्यांनी मला दिल्यालं हाय. त्यांच्या तोंडनं पुन्यांदा मिळंल तवाच घागर भरीन. न्हाईतर न्हाई." झालं. दारात विहीर असून चिमा घरच्या पाण्याला ओढ्यावर जाऊ लागली. आता यात देवींचा काय फायदा, असा प्रश्न कुणी विचारला तर नाना त्याच्याकडे रागाने बघतात.

इकडे मळा सुकत होता. दुसरा मोटकरी आणला, त्याने बैल उतारावरून नेले, मोट वर आली, पण बैल मागे सरेनात. त्याने आसूड उगारला तसा चिमाने तो हिसकावून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. वैद्यांनी सांगितलं होतं म्हणून सुभानाला तिने थारोळ्याजवळच्या रुंद दगडावर घोंगडी घालून बसवलं, पाठीला गवताचा भारा दिला, आणि स्वतः नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसली.

ती गायली. दगडूनाना म्हणतात, तसं गाणं या विहिरीने आधी ऐकलं नव्हतं. पहिलं पाणी कसंबसं आसरांना पोचलं. दुसऱ्या मोटेला तिने विचारलं, "दुसरं पानी कुणाला?" आणि उत्तर काही केल्या आठवेना. बैल थांबलेले, मोट ओथंबलेली. तिने तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "कारल्याच्या वेलाला!"

त्या मळ्यात कारल्याचा वेल नव्हता. सुभानाला कारलं डोळ्यांसमोर चालत नसे.

दगडावरून आवाज आला, "वांग्याच्या वाफ्याला!"

स्वच्छ, सुरात, आणि चिडलेला. हरण्या-पवळ्या लगेच मागे सरले. चिमाच्या हातातला कासरा सुटला. ती धावत आली, त्याचे खांदे धरून म्हणाली, "अवो, बोललात! काय म्हनालात? म्हना की पुन्यांदा!" त्याने तोंड उघडलं. "अब... अब..." दोघंही रडली. गाव गोळा झालं, पुन्हा तेच "बोल की, बोल की" सुरू झालं, आणि सुभानाने डोळे मिटून घेतले.

चिमाला वाटलं, आपण गाणं बिघडवलं म्हणून त्याला त्रास झाला. म्हणून ती गजराकडे गेली. गजरा ही शेजारीण, लहानपणापासून सुभानाचं गाणं ऐकत आलेली. तिच्याकडून चिमाने एकेक शब्द घोकून घेतला आणि पुढचे काही दिवस गाणं अगदी बिनचूक म्हटलं. सुभाना ऐकायचा आणि हे गजराने पढवलेलं, चार दिवसांत विसरेल, असं धरून चालायचा. त्याच्या ओठांची हालचालसुद्धा होत नव्हती. चिमाला काही उमगेना. एवढं जीव तोडून गातेय, आणि याचं आपलं काहीच नाही.

एकदा उन्हाने आणि थकव्याने तिचं भान सुटलं. मिरचीच्या रोपाला जायचं पाणी तिने "सासूच्या चुलीला" घातलं. सासू जाऊन कैक वर्षं झालेली. दगडावरून तत्काळ उत्तर आलं, "मिरचीच्या रोपाला!" आणि या वेळी चिमा धावली नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. बैल मागे सरू दिले, मोट विहिरीत सोडली, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. याला बोल म्हटलं की जीभ अडते. याचं गाणं कुणी बिघडवलं की मात्र याला राहवत नाही.

तेव्हापासून चिमा चुकत गेली. येत असलेलं गाणं रोज नव्याने चुकवायचं, हे काय सोपं काम आहे? तिने वाफ्यात हत्ती घातले, रोपांच्या जागी पाटलाच्या मिशा घातल्या. सुभाना रागावून रागावून दुरुस्त करत राहिला. जेवू लागला. हळूहळू त्याला कळलं की चालीवर टाकलं तर इतरही शब्द बाहेर येतात. त्याने पहिल्यांदा भाकरी मागितली ती मोटेच्या गाण्याच्या चालीवर, आणि चिमाने ती वाढताना तोंड फिरवून डोळे पुसले. भेटायला येणाऱ्यांना तिने दारातच बजावलं, "कसं वाटतंय म्हनून इचारायचं न्हाई. गायचं आसंल तर आत या." बिचारे गावकरीही गाऊ लागले. आणि त्यांना चुकायला मुद्दाम काही करावं लागत नव्हतं.

सरतं पाणी तेवढं अडलं होतं. तिथे चुकीचं नाव घ्यायला चिमाची जीभ धजेना. ती नुसतं विचारायची, "सरतं पानी कुणाला?" बैल वाट बघत उभे, ती घागर घेऊन उभी. सुभाना तिच्याकडे बघायचा, ओठ थरथरायचे, आणि शब्द यायचा नाही. मग ती बैल तिथेच सोडायची आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन घरी जायची. बाया कुजबुजायच्या. चिमाला ते ऐकू यायचं आणि लागायचंही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घागर घेऊन यायची.

गजराला हे बघवेना. एके दिवशी चिमाने नेहमीसारखं विचारलं आणि तो नेहमीसारखा अडला, तशी गजरा आपली घागर घेऊन पुढे आली, थारोळ्यावर वाकली आणि ठसक्यात म्हणाली, "गजराच्या घागरीला!"

सुभाना डाव्या हाताने दगडाला रेटा देऊन अर्धा उठला. सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला, पण सुरात, "चिमाच्या! चिमाच्या! चिमाच्या घागरीला!"

बैल मागे सरले. गजरा हसत बाजूला झाली. चिमाने घागर थारोळ्याच्या तोंडाशी धरली, ती भरली, भरून वाहू लागली, लुगडं भिजलं, तरी तिला बाजूला व्हायचं सुचेना.

सुभाना पुढे काठी टेकत हिंडू लागला. साधं बोलणं त्याचं शेवटपर्यंत तुटकच राहिलं, गाणं तेवढं सलग यायचं. गाणं सगळं बरं करतं असं नाना सांगत नाहीत आणि कुणी तसं म्हटलं तर दुरुस्त करतात. सुभाना मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला चालीवर सांगायचा की आपली बायको गुणाची, पण जन्म गेला तरी तिला गाणं आलं नाही. चिमा मान हलवून म्हणायची, "न्हाईच आलं बाई."

दोघं म्हातारी झाली. मग चिमाने अंथरूण धरलं. तिचं बोलणं मंदावलं, ती कुणाकडे बघेना. सुभानाने माणसं लावून तिला त्याच दगडावर आणवलं. तिला कसं जागं करावं ते त्याला एकच ठाऊक होतं. ज्याने उभ्या आयुष्यात गाण्यात चूक केली नव्हती तो तिच्या कानाशी वाकला आणि गायला, "दुसरं पानी कुणाला? कारल्याच्या वेलाला."

चिमाच्या ओठांवर हसू आलं. "वांग्याच्या वाफ्याला," ती म्हणाली. मग डोळे मिटूनच ती पुढचं गाऊ लागली. मिरचीचं पाणी मिरचीला, आसरांचं आसरांना, एकही शब्द इकडचा तिकडे नाही, आणि चाल थेट सुभानाची. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं की हिला सगळं येत होतं. इतकी वर्षं येत होतं. वाकड्या तोंडाचा तो म्हातारा लेकरासारखा रडला, असं सांगतात.

डोळे पुसून त्याने विचारलं, "सरतं पानी कुणाला?"

"माझ्या मोटकऱ्याला," चिमा म्हणाली.

त्यानंतर ती किती जगली, ते कुणी काही सांगतं, कुणी काही.

मोट गेली, उतारावर गवत वाढलं. पण पाणदऱ्यात आजही आजाऱ्याला "कसं वाटतंय" असं विचारत नाहीत. शाळेत कुणी पोर बोलताना अडखळत असेल तर बाई त्याच्यापुढे कविता मुद्दाम चुकवतात. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही काही रोग्यांना औषधाबरोबर इकडे पाठवतात. त्यांना विहिरीवर आणून दगडावर बसवतात आणि घरातली माणसं त्यांच्यासमोर हवं तसं चुकतात. सरत्या पाण्याला मात्र घरच्या माणसाने चुकीचं नाव घ्यायचं नाही, आणि बरोबरही आपण सांगायचं नाही. फक्त विचारायचं आणि थांबायचं. आजारी माणूस ज्याचं नाव घेईल त्याने घागर भरून त्याला पाणी पाजायचं.

नाव आलं नाही, तर विचारणारी रिकामी घागर कमरेवर घेते, घरी जाते, आणि दुसऱ्या दिवशी परत येते.