ओटीची लाट

समोर पाहा. खाडीच्या तोंडाशी ती एकच लाट उभी आहे, ती पुढे सरकत नाही की विरत नाही. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावतं, तळाच्या खडकावर अडखळून वर उठतं आणि तीन तास तसंच उभं राहतं. भरती लागली की लाट नाहीशी. हिला ओटीची लाट म्हणतात. तुम्ही त्या रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या, कयाक, घेऊन हिच्यावर बसायला आलात, खुशाल बसा. पण पहिली कोण बसली ते ऐकल्याशिवाय मी कुणाला पाण्यात उतरू देत नाही.

फार पूर्वी, असं सांगतात, या आडेखोल गावात गोजाबाय नावाची विधवा सुईण होती. लेक सगुण पलीकडच्या किनाऱ्यावर दिलेली. बाळंतपणात ती अडली तर पलीकडे काठीला तांबडं लुगडं बांधायचं, असं ठरलं होतं. एका सकाळी ते लुगडं दिसलं, आणि नेमकी ओहोटी ऐन जोरात. त्या धारेत आडवी घातलेली होडी थेट समुद्रात जायची. पदाजी तांडेल गावातला जाणता नाखवा. त्यानं भरतीपर्यंत थांबायला सांगितलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

"पोराला भरती-ओहोटी कळत न्हाय, तांडेल," गोजाबाय म्हणाली.

खडकावरची कालवं, म्हणजे शिंपल्या, काढता काढता ती वर्षानुवर्षं या लाटेकडे बघत आली होती. बागेतून वाहत आलेली पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं पन्हळीसारखं रुंद देठ, लाटेच्या उतारावर अडकते, जागच्या जागी नाचते, आणि तिचं टोक जरा कलतं झालं की सरसर पलीकडे निघून जाते. सगळ्या गावानं हे पाहिलं होतं, पण विरीकडून शिकतो कोण?

तिनं लाकडात कोरलेली एकटीची होडी घेतली. लाटेला म्हणाली, "आई, मला पाठीवर घे. पोर सुटली तर तिच्या हातानं तुझी ओटी भरवीन." मग होडीचं तोंड तिनं खाडीकडे केलं आणि समुद्राकडे पाठ. पदाजीनं डोळे मिटले म्हणे. धारेनं होडी मागे मागे नेली, ती लाटेच्या उतारावर आली आणि थांबली. खालून पाणी धावतंय आणि होडी जागच्या जागी. गोजाबायनं वल्हवणं सोडलं, वल्हं सुकाणूसारखं मागे धरलं, टोक किंचित पैलतीराकडे कलवलं. लाटेनं तिला अलगद पलीकडे नेऊन सोडलं. पोर पायाळू होतं. तिनं ते सोडवलं, आई आणि मूल दोन्ही जगली.

बाराव्या दिवशी सगळ्या बायका ओटी घेऊन किनाऱ्यावर आल्या. मुहूर्त भटजींनी काढलेला, भरती-ओहोटी कुणी पाहिलीच नव्हती. पाणी तुडुंब भरलेलं आणि लाटेचा पत्ता नाही. दर्यावर जन्म काढलेली माणसं, आणि ओटी हातात घेऊन भरतीत उभी.

सगुण म्हणाली, "लाटेन आवशीला पाठीव घेतलान. आता माजी आवसच लाट." आणि ती आईकडे वळली. बायकांत कुजबुज झाली. विधवेची ओटी? नवरा गेल्यापासून बारा वर्षांत गोजाबायच्या पदरात कुणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. तेव्हा सगुणची सासू पुढे झाली.

"भर गो," ती म्हणाली. "माजा नातू तिनंच आणलान."

खण, नारळ, तांदूळ पदरात पडले तशी, कधी न रडलेली गोजाबाय रडली म्हणतात.

आजही माघी पुनवेला ऐन ओहोटीत इथे होड्यांची शर्यत लागते. मुहूर्त भटजी नाही, तांडेल काढतो. तोंड खाडीकडे, पाठ समुद्राकडे, आणि लाटेवर वल्हवायचं नाही. जो पहिला पलीकडे लागेल त्याची ओटी भरतात, मग तो मिशाळ गडी का असेना. पदर नसेल तर त्यानं सदरा पसरायचा, आणि बघणाऱ्यांनी हसायचं नाही. पहिली मूठ तांदूळ घालायचा मान गावातल्या विधवेचा. गेल्या माघी पुनवेला तो मान माझ्या सुनेचा होता, आणि तिच्यासमोर सदरा पसरून उभा होतो मी. वय विचारू नका.