राहीआई आणि बागेतला जावई

फार फार वर्षं झाली. आपल्या तांबडमाळावर तेव्हा झाड म्हणून नव्हतं. नुसता दगड, वारा आणि ऊन. डोंगरातून एक झरा यायचा, खाली आला की त्याचा ओढा व्हायचा, आणि त्या ओढ्याच्या जिवावर आपलं गाव कसंबसं तगून होतं.

त्या माळावर एक खान आला. तो लांबच्या इराणातला. सुलतानानं त्याला हा मुलूख दिला होता. खानाचा जन्म वाळवंटातल्या एका बागेत झाला होता, असं म्हणतात. चहूकडं वाळूच वाळू, आणि मधे उंच भिंतीच्या आत डाळिंबं, गुलाब आणि खळखळ वाहणारं पाणी. त्या बागेच्या आठवणीनं त्याला इथं झोप येईना. म्हणून त्यानं तशीच बाग आपल्या माळावर केली. चौकोनी, चार वाटांची, मधोमध हौद. भोवती हत्ती झाकेल एवढी भिंत, आणि एकच दार. पाण्यासाठी त्यानं डोंगरापासून बागेपर्यंत जमिनीच्या पोटातून नहर खणली, म्हणजे माणूस वाकून चालेल असं लांबच लांब भुयार. डोंगरातला झरा त्या नहरीत शिरला, आणि आपला ओढा आटला.

खान काही दुष्ट नव्हता म्हणतात. पण भिंतीच्या आत उभं राहिलं की बाहेरचं दिसत नाही, तसं झालं. गावातल्या बाया दारापाशी घागर घेऊन उभ्या राहायच्या. पहारेकरी देईल तेवढं पाणी घ्यायच्या आणि मुकाट घरी यायच्या.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी नहरही बंद पडली. हौद कोरडा पडला, गुलाब जळाले. आता दारापाशी उभं राहूनही काही मिळेना.

गावानं ठरवलं, गाव सोडायचं. बोचकी बांधली. गुरांचे कासरे सोडले.

त्या गावात राही नावाची एक बाई होती. वय कोवळं, नवरा गेलेला, कडेवर एक लेकरू. त्या लेकराचा ताप नुकता उतरला होता. अंग अजून नुसतं काडीसारखं होतं, आणि रडायचं म्हटलं तरी त्याला आवाज निघत नव्हता. आबाजी पाटील राहीच्या दाराशी आले.

"राही, बोचकं कुठंय तुझं? पहाटे निघायचंय."

"आबा, हे उन्हात चार कोस जायचं नाही. वाटेतच जाईल माझ्या हातातून. मी येत नाही."

"मग इथं काय दगडं राखत बसणार?"

"इथं पाणी आणणार."

शेजारची सोनाआत्या दारातच होती. तीही विधवा, पण तोंडानं तिखट. ती म्हणाली, "कसं आणणार गं? हाक मारून?"

राही तशीच उठली. लेकराला पदरात गुंडाळून ती सरळ बागेकडं गेली. तिथं बहराम बाबा नावाचा म्हातारा माळी होता. खानाबरोबर इराणातून आलेला. लेकराच्या पोटासाठी तो राहीला डाळिंबाची साल द्यायचा. तो कोरड्या हौदाच्या काठावर डोकं धरून बसला होता.

"बाबा, तुमच्याकडं नहर आटली तर काय करतात?"

बहराम बाबा म्हणाला, "बेटी, आमच्याकडं नहर दोन जातीची असते. एक बाई, एक पुरुष. पुरुष नहर रुसली तर म्हणतात, याला घरवाली नाही म्हणून हा रुसला. मग गावातली एखादी विधवा बघतात आणि तिचं त्याच्याशी लग्न लावतात. आणि ही नहर पुरुष आहे. मी तिचा आवाज ऐकलाय."

राहीनं विचारलं, "लग्न लागल्यावर तो बायकोचं ऐकतो?"

म्हातारा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "बेटी, ते बायकोवर असतं."

"मग लावा माझं लग्न," राही म्हणाली.

गावात ही बातमी फुटली आणि जो तो हसायला लागला. कुणी म्हणालं, पोराच्या काळजीनं हिचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, पांढऱ्या कपाळाची नवरी कधी पाहिली होती का? जोशीबुवांनी तर दाराला कडी लावून घेतली. खानाला मात्र कळलं तेव्हा त्यानं बागेचं दार उघडायला लावलं. त्याच्या मुलखातली रीत होती ती, आणि त्याची झाडं मरत होती.

नहर जिथं बागेत उघडते त्या तोंडासमोर राही पाटावर बसली. मधे अंतरपाट धरायला कुणी सवाष्ण पुढं येईना. तेव्हा सोनाआत्या कुरकुरत उठली. "आण इकडं. माझं तरी कोण काय वाकडं करणार आहे?" एक टोक तिनं धरलं, दुसरं बहराम बाबानं धरलं. अक्षता म्हणून मूठभर ज्वारी घेतली.

आणि तिथंच लग्न अडलं. तेव्हा घड्याळं नव्हती. बुडाला बारीक भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायचे, ती हळूहळू भरून बुडाली की मुहूर्त झाला. पाटील म्हणाले, "अगं, घटिका बुडवायला पाणी कुठंय? मुहूर्त कळणार कसा?"

राही म्हणाली, "वाटी हौदात ठेवा. ती बुडेल तोच माझा मुहूर्त."

"आणि तोवर?"

"तोवर मी पाटावरून उठत नाही. आणि आबा, नवरी मांडवात बसलीय, लग्न लागायचंय. वऱ्हाडानं उठून कसं चालेल?"

खरंच, अर्ध्या लग्नातून वऱ्हाड उठून गेलं तर सात गावांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. गावानं बोचकी खाली ठेवली. असं राहीनं सगळं गाव एका कोरड्या वाटीला बांधून ठेवलं.

ती किती दिवस बसली, ते कुणाला सांगता येत नाही. आणि लेकरू कुठं होतं, हे ऐकणारी प्रत्येक आई विचारतेच. लेकरू तिच्या मांडीवरच होतं. गावातल्या अंगावर पाजणाऱ्या बाया पाळीपाळीनं येऊन त्याला पाजायच्या. बहराम बाबा झाडावर उरलेली डाळिंबं फोडून दाणे राहीच्या तोंडात घालायचा. ऊन चढलं की सोनाआत्या अंतरपाटाचीच सावली तिच्यावर धरायची आणि बडबडायची, "काय गं हा नवरा तुझा! लग्नाआधीच वाट बघायला लावतोय." अंतरपाट धरून सगळ्यांचे हात भरून यायचे, मग दुसरं कुणी यायचं. शेवटी शेवटी सवाष्णीही यायला लागल्या.

एक दिवस लेकरानं दूध ओढायचं सोडलं. मान टाकली. तेव्हा राही पाटावर बसल्या बसल्याच अंतरपाटाखालून पुढं वाकली आणि तिनं अंधाऱ्या नहरीत तोंड घातलं. अंतरपाटाचं टोक धरून सोनाआत्या रडत रडत ओरडली, "नाव घे गं, नाव घेऊन बोलाव त्याला!" आणि राहीनं नाव घेतलं.

"डाळिंबाच्या फुलाला लाल लाल रंग,
पाणीरावांचं नाव घेते, बाळ माझ्यासंग.

आता या. मी काही उठायची नाही."

आधी वारा आला, असं म्हणतात. थंड, ओल्या मातीच्या वासाचा. मग डोंगराच्या पोटात कुणीतरी खाकरल्यासारखं झालं. अंतरपाट थरथरला. आणि नहरीतून पाणी आलं, आधी तांबडं, मग गढूळ, मग आरशासारखं. राहीच्या पाटाला वळसा घालून ते हौदात उतरलं. वाटी हलली, उचलली गेली, तरंगली, हळूहळू भरली आणि बुडाली. सोनाआत्यानं अंतरपाट सोडला. ज्वारी उडाली. राहीनं ओंजळीतलं पाणी लेकराच्या ओठांना लावलं, आणि लेकरू असं रडलं की भिंतीबाहेर उभ्या असलेल्या गुरांनी कान टवकारले.

झाडं वाचली. खान खुश झाला. त्यानं राहीला साडीचोळी दिली आणि पहारेकऱ्यांना म्हणाला, आता गावकऱ्यांना बाहेर काढा, दार लावा.

राही जागची हलली नाही. "खानसाहेब, बाग तुमची. नवरा माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न लागलं. आता हे आमच्या गावचे जावई. आमच्यात जावयाला लग्नानंतर सासुरवाडीला जेवायला नेतात. मी न्यायला आलेय."

पहारेकरी हसले. पाटील मात्र एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "खरंय. गावचा मान आहे तो."

खान म्हणाला, "पाणी भिंतीबाहेर जाणार नाही."

राहीनं लेकराला कडेवर घेतलं, भिजलेला पदर खाली सोडला आणि हौदाकडं वळून म्हणाली, "चला हो." आणि ती दाराकडं चालायला लागली. तिचा ओला पदर मातीत ओढत गेला, तशी त्याची रेघ उमटत गेली. हौद काठोकाठ भरला, ओसंडला, आणि त्या रेघेतून पाणी तिच्या मागं निघालं, असं म्हणतात. पहारेकऱ्यांनी दार लावलं. पाणी दाराशी थांबलं, चढलं, फळ्या करकरल्या. राही तशीच उभी. मागं वळून खानाकडं बघतसुद्धा नव्हती.

खान बराच वेळ त्या पाण्याकडं बघत होता. मग बहराम बाबा त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते कुणी ऐकलं नाही. पण खानानं डोळे पुसले आणि म्हणाला, "दार उघडू नका. काढूनच टाका."

पदराची रेघ बागेतून निघाली, माळावरून वळत वळत गावात आली, आणि राहीच्या उंबऱ्यापाशी थांबली. तोच आपला पाण्याचा पाट. सरळ कुठंच जात नाही, कारण लेकरू कडेवर घेऊन चालणारी बाई सरळ चालत नाही.

गाव कुठंच गेलं नाही. ते लेकरू म्हातारं होऊन, नातवंडं बघून गेलं. राही लोकांची राहीआई झाली. जन्मभर तिनं हिरव्या बांगड्या घातल्या, आणि तिला कुणी काही बोललं नाही. खान गेला, त्याची माणसं गेली, भिंत ढासळली. दाराची कमान तेवढी आहे, आणि तिला आजही दार बसवलेलं नाही.

दर तिसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना आला की सगळीकडं आपापल्या जावयाला बोलावतात. आपल्या गावात पहिला मान बागेतल्या जावयाचा. अनारशाचं ताट घेऊन सगळं गाव कमानीतून आत जातं. ताट धरते ती विधवा, कपाळाला कुंकू लावून आणि हिरव्या बांगड्या भरून. आजारी लेकरं असलेल्या आया तिच्या मागोमाग चालतात. हौदात भोकाची वाटी सोडतात. ती बुडाली की जावयाला हाक मारून परत फिरतात.

आणि हौद कोरडा असेल त्या सालीही वाटी ठेवतात. मग बाया पदर सावरून, लेकरं मांडीवर घेऊन काठाला बसतात. पाणी येऊन वाटी बुडेस्तोवर कुणी "घरी चला" म्हणत नाही.