बांधलेला शब्द

एका राज्यात एक शब्द चोरीला गेला. हिरा नव्हे, मोती नव्हे, साधा रोजच्या बोलण्यातला शब्द: 'सुटणे'. राजाने भर दरबारात अपमान केला म्हणून कर्कट जादूगाराने तो काळ्या दोरीत तीन गाठी मारून बांधला आणि डोंगरावर नेऊन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दावाचून काय अडतं? अहो, सगळंच अडलं. वारा सुटेना. शिजत्या भाताला वास सुटेना. वासरू दाव्यातून सुटेना, पंडितांची कोडी सुटेनात. आणि राजवाड्यात राणी मदनावती दोन दिवस कळा सोसत होती, तिची सुटका होईना.

सुईण होती येसू. तिने रिवाजाप्रमाणे वाड्यातल्या साऱ्या गाठी सोडायला सांगितल्या. एकही हलली नाही.

"महाराज, इथे माझे हात चालायचे नाहीत. मी डोंगरावर जाते," ती राजाला म्हणाली आणि साळुंकीचा पिंजरा उचलून निघाली.

त्या पिंजऱ्याशिवाय येसू उंबरा ओलांडत नसे. तिची लेक तुळसा तापाने गेली, त्याला सहा वर्षं झाली. पोर विहिरीवरून परतताना दारातूनच हाक देई, "आई, आले गं." ती हाक साळुंकीने उचलली होती. तोच आवाज, तोच हेल.

डोंगरावर तिने शब्द परत मागितला, तेव्हा कर्कट म्हणाला, "जे धरून बसली आहेस ते टाक. एकेका टाकण्याला एकेक गाठ उकलेल."

येसूने जावेवरचा बारा वर्षांचा राग टाकला. जड गेलं, पण टाकला. पहिली गाठ उकलली. कुणाला म्हणून न सांगितलेलं औषधी मुळीचं नाव तिने डोंगरमाथ्यावरून साऱ्या सुइणींना ओरडून सांगितलं. दुसरी उकलली.

कर्कटाने पिंजऱ्याकडे पाहिलं. येसूने तो पोटाशी धरला.

"लेकीचं एवढंच उरलंय माझ्यापाशी."

"ठाऊक आहे."

तुळसा असती तर आज राणीच्याच वयाची असती. येसूला रडू आवरेना. रडत रडतच तिने पिंजऱ्याची कडी काढली. साळुंकी एक शब्द न बोलता उडून गेली.

तशी तिसरी गाठ सुटली. वारा सुटला. घरोघर भाताला वास सुटला, वासरं गाईंकडे धावली. खाली नौबत झडली. राणी सुखरूप सुटली होती, मुलगी झाली होती. राजा अनवाणी डोंगर चढून आला आणि त्याने कर्कटाची क्षमा मागितली. कर्कटाने दोरी वाऱ्यावर सोडून दिली.

येसू घरी आली. रिकामा पिंजरा खुंटीला टांगला, त्याचं दार मात्र तिच्याने लाववेना. चूल पेटवली, भात टाकला. एवढं गप्प घर तिला सोसवेना.

दिवेलागणीला दारातून हाक आली.

"आई, आले गं."

उंबऱ्यावर साळुंकी येऊन बसली होती.

त्या घरची सांज जशी बोलती झाली, तशी ऐकणाऱ्या साऱ्यांच्या घरची होवो.